चार ड्रमांमधला गाळ

ड्रेझर आमच्या गावात यायच्या आधी त्याचं नाव आलं. धरणातला गाळ काढायला ड्रेझर येणार, अशी बातमी कुणीतरी पारावर मोबाईलवर वाचून दाखवली आणि थोड्याच दिवसांत गावानं तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला. पंगतीत बुंदीसाठी पुन्हापुन्हा ताट पुढं करणाऱ्याला लोक ड्रेझर म्हणायला लागले. आमच्या आळीत एक म्हातारी आहे, कुणाच्या लग्नात कुणाचा मानपान राहिला ते सगळं तिला पाठ. तिच्या सुनांनी पाठीमागं तिचं नावच ड्रेझर ठेवलं. म्हातारीला ते कळलं तेव्हा तिनं त्यावरूनही दोन जुनी भांडणं उकरून काढली.

माझा मेहुणा शिर्डीत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तो सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, आमच्याकडं केकवर पिठीसाखर भुरभुरायचा डबा असतो, झाकणाला बारीक भोकं असलेला, त्यालाही ड्रेझरच म्हणतात. कुणाला खरं वाटेना, तेव्हा त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. मिठाच्या डबीसारखी साधी डबी होती. माझी बायको म्हणाली, म्हणजे एक खालून उपसणार आणि एक वरून भुरभुरणार, आणि नाव दोघांचं एकच. असं म्हणून ती हसली. तिचं हसणं आमच्या घरात रोजचं नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. त्या वेळी ड्रेझर कुठं उपसणार आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

मी वेल्डर आहे. फाट्यावर माझं छोटं दुकान आहे. ट्रॉलीचे हूक, घरांची गेटं, घोडेगावच्या बाजाराला जनावरं नेणाऱ्या पिकपच्या फळ्या, असली कामं मी करतो. घरात आम्ही आमची मुसलमानी बोलतो, दुकानात गावची मराठी, आणि लिहायला बसलो की शाळेतली. त्यामुळं घरातलं बोलणंही इथं मी मराठीतच लिहितोय. बायको वाचेल तेव्हा म्हणेल, मी असं कुठं बोलले. पण ती वाचेल असं मला वाटत नाही.

ड्रेझर आला तो तुकड्यातुकड्यांनी. लांबलचक ट्रेलरवर लोखंडी पेट्या, पाईप, क्रेन. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर ते सगळं जोडायचं होतं आणि त्यांचा एक वेल्डर आजारी पडला होता, म्हणून मला बोलावणं आलं. अशी यंत्रं मी जवळून कधी पाहिली नव्हती. खाली पोकळ पेट्या, त्यामुळं तो तरंगतो. पुढं एक लांब हात पाण्यात उतरतो, त्याच्या टोकाला फिरतं दातेरी मुंडकं. ते तळ कुरतडतं, मागचा पंप तो चिखल पाण्यासकट ओढतो आणि तरंगत्या पाईपातून काठावर फेकतो. काठावर मातीचे बांध घालून मोठमोठी तळी केली होती. त्यात पाणी निथळून जायचं, गाळ खाली बसायचा, वाळला की शेतकऱ्यांनी ट्रॉल्या भरून न्यायचा. आमच्या गावाची नवी जागा मुरमाड. गाळ मिळणार म्हटल्यावर लोकांना सण आल्यासारखं झालं.

त्या मुंडक्याचे दात झिजायचे. तळात जुन्या गावाची जोती होती, दगड होते, बाभळीची खोडं होती. दर थोड्या दिवसांनी दात काढून माझ्याकडं यायचे आणि मी त्यांच्यावर वेल्डिंगचा कडक रॉड चढवून ते पुन्हा भरून द्यायचो. चांगलं काम होतं. मला त्याबद्दल काही बरंवाईट वाटत नव्हतं. आता लिहिताना वाटायला पाहिजे असं वाटतं, पण तेही वाटत नाही.

ड्रेझर कुठून कुठं जाणार याचा नकाशा त्यांच्या पत्र्याच्या ऑफिसात लावला होता. मी दात द्यायला गेलो तेव्हा तो पाहिला. रंगवलेला चौकोन आमच्या जुन्या गावावरून सरळ पलीकडं जात होता. घरी येऊन मी ते बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, फुगवली, आणि मग विचारलं.

"मग आपली पोरगी?"

आमचं पहिलं मूल. मुलगी होती. राहुरीच्या दवाखान्यात झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात, त्यामुळं तिला नाव नाही. नंतर मौलवीसाहेब म्हणाले, ठेवा काहीतरी, नाव असावं. आम्ही हो म्हणालो. पण घरी दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. पोरगी म्हणतो, झालं.

ती गेली ते वर्ष दुष्काळाचं होतं. दुष्काळ आम्हाला नवा नाही, पण त्या वर्षी धरण तळाला गेलं आणि धरण झाल्यापासून बुडालेलं जुनं गाव वर आलं. सगळं वर आलं असं नाही. जोती, देवळाचा चौथरा, वेशीचे दोन दगड, आणि एका कडेला आमचं जुनं कबरस्तान. म्हातारी माणसं रोज तिकडं जायची. माझे अब्बा तर सकाळी जायचे ते उन्हं चढल्यावरच परत यायचे. ऐन विशीत ते जुन्या गावातल्या पिठाच्या गिरणीवर इंजिन चालवायला होते. इथं अमक्याचा ओटा, इथं तमक्याची चिंच, असं ते येईल त्याला दाखवत फिरायचे. त्या उन्हाळ्यात मी त्यांना जितकं आनंदात पाहिलं तितकं ना आधी पाहिलं होतं ना नंतर.

नव्या गावाला कबरस्तानासाठी जी जागा मिळाली ती निव्वळ मुरूम. मोठ्या माणसाची कबर खणायची तर पहारीनं दोन-दोन माणसं दमतात, कधी जेसीबी बोलवावा लागतो. पोरगी गेली तेव्हा जमातीतले म्हातारे म्हणाले, तिला जुन्या कबरस्तानात ठेवू. तिथं माती मऊ आहे. तिथं आपली सगळी माणसं आहेत, पोरगी एकटी पडणार नाही. कुणीतरी, बहुतेक मीच, म्हणालो की पाणी आलं तर?

"पानी?" एक म्हातारा म्हणाला. "पानी आता कुठं येतंय बाबा. धरनाचं दिस संपलं."

हे तो तळमळून बोलला. त्या वर्षी सगळ्यांना तसंच वाटत होतं. धरणानं त्यांचं गाव नेलं होतं आणि आता ते आपण होऊन परत देतंय, असं त्यांना आतून वाटत होतं. म्हणून त्यांनी एका नवजात पोरीला तळ्याच्या तळाशी पुरायचं ठरवलं आणि आम्ही कुणी नको म्हटलं नाही. इतक्या लहान मुलाला जनाज्याची खाट लागत नाही, बाप हातावर नेतो. मी नेलं. वाटेत ऊन होतं म्हणून अब्बांनी वर टॉवेल धरला. एवढंच मला आठवतं.

बायका कबरस्तानात येत नाहीत. बायको तेव्हा अंथरुणावर होती, तिचा यायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दफन झाल्यावर अब्बांनी तिच्यासाठी जागेची खूण धरली. कबरीपाशी उभं राहून त्यांनी गावाकडं पाहिलं आणि मला म्हणाले, हे बघ, आपल्या मशिदीचा मिनार बरोबर पाण्याच्या टाकीच्या मधोमध दिसतोय. मग ते वळले आणि दुसऱ्या काठाकडं पाहिलं. तिकडच्या डोंगरातली खिंड बरोबर पंपहाऊसच्या छपरावर बसत होती. इकडं मिनार टाकीवर, तिकडं खिंड छपरावर. ह्या दोन्ही गोष्टी जिथून एकदम जुळतात ती पोरीची जागा. त्यांनी ते माझ्याकडून म्हणून घेतलं. मी घरी येऊन बायकोला तसंच सांगितलं आणि तिनं ते एकदा म्हणून पाहिलं.

त्याच वर्षी पाऊस झाला. असा झाला की धरण भरलं, दारं उघडली, आणि जुनं गाव होतं तसं पुन्हा खाली गेलं. नंतरही वर्षं बरी गेली. पाणी कमीजास्त व्हायचं, पण तळ काही पुन्हा दिसला नाही. अब्बांनी जुन्या गावाबद्दल बोलायचं बंद केलं. त्यांचे गुडघे गेले आणि ते काठापर्यंत यायचेही थांबले.

शब-ए-बरातला आमच्यातली माणसं कबरींवर फुलं वाहायला जातात. आम्ही दोघं होडीनं जायचो. मासे धरणारा एक शेजारी आम्हाला न्यायचा. बायको काठावर चपला काढून ठेवायची, कबरस्तानाच्या फाटकात काढतात तशा, आणि अनवाणी होडीत बसायची. पहिल्या वर्षी होडीवाला म्हणाला, वहिनी, होडीत चालतंय. ती चपला तशाच काठावर ठेवून बसली आणि त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही. पाण्यात गेल्यावर मी इकडं-तिकडं बघत सांगायचो, थोडं डावीकडं, अजून, बास. मिनार टाकीवर, खिंड छपरावर. मग ती पिशवीतून गुलाबाच्या पाकळ्या काढायची आणि पाण्यावर सोडायची. मी फातिहा पढायचो. पाकळ्या वाऱ्यानं लांब जायच्या, त्यांच्याकडं बघत बसण्यात अर्थ नव्हता. आम्ही परत यायचो.

पुढं आम्हाला मुलगा झाला, तो आता शाळेत जातो. दुकान बरं चालायला लागलं. जुनी मशीद गळत होती, ती पाडून त्याच आवारात नवी बांधली. तिच्या मिनारावरचा चांद मीच वेल्ड केला, पैसे न घेता. दर वर्षी होडी, दर वर्षी पाकळ्या. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं की एखाद्या वर्षी आम्ही दुःखात होतो की नुसते होडीत होतो, हे मला सांगता येणार नाही.

आणि मग ड्रेझर आला आणि बायकोनं विचारलं, मग आपली पोरगी?

जुन्या कबरींबद्दल जमातीत कुणी काही बोललं नाही. त्या तर सगळ्यांनी धरण झालं तेव्हाच पाण्याला देऊन टाकल्या होत्या, आणि जमीन सरकारची होती. गाळ तर सगळ्यांनाच हवा होता. पण आमची गोष्ट तशी नव्हती. आमची पोरगी धरणानंतरची होती. बायको म्हणाली, तुम्ही त्यांच्याकडं काम करता, तुम्ही सांगा. ती रडली नाही. ती रोज सकाळी एवढंच विचारायची, सांगितलं का? आणि मी म्हणायचो, आज सांगतो. मला सांगायला लाज वाटत होती असं नाही. मला त्या वाक्याची सुरुवात सापडत नव्हती.

शेवटी सांगितलं. ड्रेझर चालवणारा माणूस कोकणातला होता, खाडीत काम केलेला, कमी बोलणारा. मी दात घेऊन ड्रेझरवर गेलो आणि म्हणालो, इथं एका ठिकाणी माझी मुलगी पुरलेली आहे. त्यानं इंजिन बंद केलं. मी दुष्काळाचं सांगितलं, खुणांचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"जागा दाखवाल ना?" तो म्हणाला. "दाखवा. मी तेवढं सोडून जाईन. बाजूनं काढता येतं."

"साहेब काय म्हणतील?"

"पाण्याखाली काय सोडलं ते वरून कोणाला दिसतंय?"

मी चार निळे प्लास्टिकचे ड्रम आणले, भंगारातल्या जड लोखंडाला कड्या वेल्ड करून त्यांचे नांगर केले. होडीवाल्या शेजाऱ्याला घेऊन मी आणि बायको गेलो. मिनार टाकीवर, खिंड छपरावर. चार कोपऱ्यांना चार ड्रम सोडले, मध्ये एखाद्या घराएवढी जागा. बायको म्हणाली, अजून थोडे लांब लांब सोडा. आम्ही ते ओढून पुन्हा लांब सोडले. ती म्हणाली, आता बरं.

त्यानंतरचे महिने ती काठावर जायची. शेळ्यांना घास कापायला आमच्या रानात जावं लागतं, आणि रान चढावर आहे, तिथून पाणी दिसतं. ती घास कापायची आणि मधूनमधून उभी राहून बघायची. ड्रेझर ड्रमांच्या जवळ यायचा, थांबायचा, बाजूनं वळायचा. माणसानं शब्द पाळला. मलाही ते दुकानातून ऐकू यायचं, इंजिनाचा आवाज एका सुरात चाललेला, मग उतरलेला, मग पुन्हा चढलेला. आवाज उतरला की मी हातातला रॉड थांबवून ऐकायचो. संध्याकाळी ती म्हणायची, आज डाव्या अंगाला होता. मी म्हणायचो, हो. आमच्यात तेवढं बोलणंही बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

वाळलेला गाळ लोकांनी नेला. ट्रॉल्यांची रांग लागायची. आम्हीही नेला. आमचं रान म्हणजे मुरूमच, त्यावर आता दिसतो तो सगळा काळा थर आम्हीच पसरलेला. पसरायला बायकोच पुढं होती, फावडं घेऊन. पुढच्या घासाला असा हिरवा रंग आला की शेजारी येऊन बघून गेले. होडीवालाही म्हणाला, वहिनी, रान उजळलं तुमचं.

उन्हाळ्यात धरण खाली गेलं. जवळजवळ दुष्काळाइतकं. ड्रेझरनं आधीच काम थांबवलं होतं आणि कालव्याला पाणी सुटत होतं, त्यामुळं पाणी रोज मागं सरायला लागलं. एक दिवस बायको घासाचा भारा टाकून धावत दुकानात आली. सोडलेली जागा वर आली आहे, म्हणाली. गावाच्या अंगाला न काढलेल्या गाळाची एक पट्टी आहे, तिच्यावरून चालत जाता येतंय.

ती त्या जागेवर कधीच उभी राहिली नव्हती. इतक्या वर्षांत तिनं पाणी पाहिलं होतं, जमीन नाही. तिनं मला दुकान बंद करायला लावलं. राहुरीहून फुलं मागवली, पाकळ्या नव्हे, अख्खी फुलं. अब्बा म्हणाले, मीही येतो. त्यांना शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसवून वाळलेल्या कडेपर्यंत नेलं आणि तिथून काठीनं हळूहळू चालवलं. गाळ वरून तडकलेला होता, खाली अजून ओल होती. बायकोनं चपला कडेलाच काढल्या होत्या. ती सगळ्यांच्या पुढं होती.

चार ड्रम चिखलात कलंडून पडले होते आणि त्यांच्या मध्ये उंचवटा. ड्रेझरनं बाजूचं सगळं खोल नेल्यामुळं तो ओट्यासारखा दिसत होता. एका बाजूची कड ढासळली होती आणि तिथं आत काहीतरी करडं, सपाट दिसत होतं. मी जवळ जाऊन हातानं गाळ बाजूला केला. सिमेंटचं काम होतं. त्यातून जाड बोल्ट वर आलेले, गंजून अर्धे झालेले, पण चारही कोपऱ्यांना बरोबर अंतरावर. असे बोल्ट कशासाठी असतात ते मला पाहताक्षणी कळलं. इंजिन बसवायचा पाया होता तो. कबरस्तानात इंजिन नसतं.

अब्बा काठी टेकत आले. त्यांनी वाकून बोल्टला हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं ते हसू होतं, ते मी पाहिलं.

"ही गिरनी हाय," ते म्हणाले. "हे मी बसवलंय. वस्तादासंगं."

मग ते हसू तिथंच राहिलं आणि बाकीचा चेहरा बदलला.

मी विचारलं, "मग कबरस्तान?"

त्यांनी काठी उचलून पलीकडं दाखवली. ड्रमांच्या बाहेर, जिथं ड्रेझरनं काढून खोल डोह केला होता आणि हिरवं पाणी साचलं होतं. "त्या अंगाला. मधी रस्ता हुता."

मी गावाकडं पाहिलं. मिनार बरोबर टाकीच्या मधोमध होता. मागं वळून पाहिलं, खिंड छपरावर होती. काहीच चुकलेलं नव्हतं. मी अब्बांना तसं सांगितलं. ते बराच वेळ मिनाराकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी इथून गावाकडं पाहिलंच नव्हतं.

"हा मिनार न्हवं," ते म्हणाले. "त्यो जुना, विहिरीकडच्या कोपऱ्यात हुता. ह्यो तर रस्त्याकडंला बांधला."

मला समजून घ्यायला काही वेळ लागला नाही, माझं कामच ते आहे. गेट बसवताना बिजागरीपाशी सुताचा फरक पडला तर लांबच्या टोकाला फूटभर वाकडं जातं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. टाकी आणि मशीद जवळजवळ आहेत आणि ही जागा दूर. मिनार आवाराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि आमची रेष कबरस्तानातून गिरणीवर आली. नव्या मिनारावर चढून मी चांद बसवला होता. वरून सगळा फुगवटा दिसत होता, मी पाहिला होता, आणि चांगलं वारं आहे एवढंच माझ्या मनात आलं होतं. गावातल्या कुणाच्या मनात काही येण्याचं कारणच नव्हतं. मिनार म्हणजे मिनार. तो टाकीवर दिसत होता.

तर नवा मिनार झाल्यापासून इतकी वर्षं आम्ही पिठाच्या गिरणीवर फुलं सोडत होतो. आणि पोरगी होती तिथून ड्रेझर गेला होता.

मला वाटलं बायको आता खाली बसेल, किंवा माझ्यावर ओरडेल, किंवा अब्बांवर. मी तयार होतो. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. दवाखान्यातून पोरीला घेऊन बाहेर पडलो तेव्हा जसं होतं तसंच, जणू मधली वर्षं कुणी मोजलीच नाहीत. अब्बा म्हणाले, बेटी, नियत बघितली जाते, जागा न्हाई. ती त्यांना हो म्हणाली. त्यांचा हात धरून तिनं त्यांना ओट्यावरून खाली उतरवलं. ती हळू उतरवत होती, पाय घसरू नये म्हणून. फुलांची पिशवी तिच्या दुसऱ्या हातात तशीच होती.

कडेला आल्यावर तिनं चपला घातल्या. अब्बांना ट्रॅक्टरवर बसवून दिलं. ट्रॅक्टर गेला, तेव्हा तिनं मला विचारलं.

"त्या अंगाचा गाळ कुणाच्या रानात गेला?"

मी म्हणालो, "सगळ्यांच्याच. मिसळून जातो तळ्यात. तसं सांगता येत नाही."

"आपल्यात?"

"आपल्यातपण."

ती चालायला लागली. मला वाटलं घरी चाललो आहोत. पण ती चढानं वर गेली, आमच्या रानाच्या वाटेनं, आणि मी मागं. घास कापणीला आला होता, वाऱ्यानं हलत होता. रोज सकाळी ती त्याच रानात चपलांनी जायची, विळा घेऊन, आणि भारा घेऊन चपलांनीच बाहेर यायची. सहा-सात महिने जात होती.

बांधावर ती थांबली. तिनं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि फुलांची पिशवी उघडत अनवाणी आत गेली.

मी कामावरचे जाड बूट घालून बांधावर उभा होतो. ते काढायला मी खाली वाकलो. नाडीची गाठ काही सुटेना. मी तसाच वाकून रडायला लागलो.